लाइट गेली की घराचा पहारेकरी झोपतो का?

(या एपिसोडचं हे शब्दांकन. बोलताना जिथे अडखळलो, जिथे बाहेरून भंगारवाल्याची आरोळी आली, ते काढून टाकलंय. काही आकडे बोलताना घाईत सांगितले होते, ते इथे नीट मांडलेत.)

आजचा विषय माझ्या आईच्या घरापासून सुरू करतो, कारण तो तिथेच सुरू झाला.

आई भायखळ्याला राहते. जुनी, उपकरप्राप्त इमारत, तिसरा मजला, लाकडी जिना, लिफ्ट नाही. मी पुण्याला. बाबा गेल्यानंतर आई तिथून हलायला तयार नव्हती. ‘माझं सगळं इथेच आहे, स्टेशन आहे, राणीबाग आहे, जेजे आहे, मला काय कमी?’ मग मी काय केलं, तर आपल्या पिढीचा मुलगा जे करतो ते. दोन कॅमेरे, दारावर सेन्सर, एक स्मार्ट कुलूप, सगळं मोबाइलवर. पुण्यात बसून मला आईचं दार दिसतं, म्हणून मी निर्धास्त.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एका रात्री नऊच्या सुमाराला आईकडची लाइट गेली. मला काही कळलं नाही. अकराला झोपण्याआधी सवयीने ॲप उघडलं तर आई खुर्चीत बसलेली दिसली. मी फोन ठेवून झोपलो. ते चित्र आठ वाजून बावन्न मिनिटांचं होतं. कॅमेरा बंद पडल्यावर ॲप शेवटचं चित्रच दाखवत होतं आणि कोपऱ्यात बारीक राखाडी अक्षरांत ‘ऑफलाइन’ लिहिलेलं होतं. त्या वेळेत आई अंधारात मोरीत पाय घसरून पडली होती. शेजारच्या वहिनींनी साडेअकराला हाक ऐकली. हाड मोडलं नाही, नशीब. पण दोन तास ती जमिनीवर बसून होती आणि माझी ‘सुरक्षा यंत्रणा’ मला ती खुर्चीत बसल्याचं सांगत होती.

सकाळी उलगडा झाला. चोर नाही, घातपात नाही. खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या वायरमनने जिन्याखालच्या मीटरबोर्डवर चुकीचा फ्यूज काढला आणि तो तसाच घरी गेला. पण मला रात्रभर एकच विचार छळत राहिला. जे वायरमनने चुकून केलं ते कुणीही मुद्दाम करू शकतं. सगळ्या मजल्यांचे मीटर तळमजल्यावर, जिन्याखाली, लाकडी फळ्यांवर, आणि रस्त्यावरचा कुणीही तिथपर्यंत जाऊ शकतो. माझ्या हजारो रुपयांच्या पहारेकऱ्याला झोपवायला एक हात पुरेसा होता.

नवीन टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी फार हसू नये. तुमच्याकडे मीटर रूमला कुलूप असतं, पण त्याची किल्ली वॉचमनच्या टेबलाच्या खणात असते, आणि तो खण कुणाकुणाला माहीत आहे याची यादी करून बघा. शिवाय पावसाळ्यात खोलगट भागात मीटर रूममध्ये पाणी शिरलं की खबरदारी म्हणून पुरवठाच बंद करावा लागतो. तेव्हा सगळ्यांचीच लाइट जाते.

आता कुणी म्हणेल, मुंबईत, तेही बेस्टच्या हद्दीत, लाइट जातेच किती? खरं आहे. गावाकडची माणसं या गोष्टीवरून आपल्याला कायम टोमणे मारतात. आणि म्हणूनच आपण तयारीत नसतो. 12 ऑक्टोबर 2020 आठवा. सोमवार होता, कोविडचा काळ. सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची वीज गेली. कुलाबा ते मुलुंड, शिवाय ठाणे, नवी मुंबई. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि साडेबाराच्या आसपास हळूहळू हलू लागल्या. काही उपनगरांत वीज यायला त्याहून बराच वेळ लागला. मुळाशी होता कळवा-पडघा भागातल्या 400 केव्हीच्या पारेषण वाहिन्यांमधला बिघाड. मग 27 फेब्रुवारी 2022 ला, रविवारी सकाळी, दक्षिण आणि मध्य मुंबईचा बराच भाग पुन्हा तासभर अंधारात गेला.

ऑक्टोबरच्या त्या घटनेला एक दुसरा पदरही आहे. फेब्रुवारी 2021 च्या शेवटी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने एक अहवाल काढला, की चीनशी संबंधित हॅकर गट भारताच्या वीज यंत्रणांमध्ये शिरकाव करत होता. 1 मार्चला तेव्हाचे राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन मुंबईच्या वीज यंत्रणेत घातपाताचा प्रयत्न झाला असावा असं सांगितलं. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र ती वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्यामुळे नाही, असं म्हटलं. या वादात मी पडत नाही. मला त्यातली एक गोष्ट घरासाठी उचलायची आहे. लाइट बिघाडाने गेली की कुणी मुद्दाम घालवली, हे कळायला मोठमोठ्या यंत्रणांनाही महिने लागतात. तुमच्या दारावरच्या सेन्सरला तर ते कधीच कळणार नाही. म्हणून ‘बिघाड’ आणि ‘छेडछाड’ असे दोन वेगळे कप्पे करूच नका. वीज गेली, इंटरनेट गेलं, सेन्सर गप्प झाला, यातलं काहीही झालं की यंत्रणेने ती घटना मानली पाहिजे आणि तुम्हाला हाक मारली पाहिजे.

अजून एक गोष्ट त्याच दिवसाची. मुंबईसाठी 1980 च्या दशकापासून ‘आयलँडिंग’ची व्यवस्था आहे. म्हणजे बाहेरची ग्रिड कोसळली की शहराने स्वतःला तोडून घ्यायचं आणि ट्रॉम्बेसारख्या जवळच्या वीजनिर्मितीवर बेटासारखं एकटं चालू राहायचं. त्या दिवशी ते बेट टिकलं नाही. शहराची मागणी आणि बेटावरची निर्मिती यांचा मेळ बसला नाही. कल्पना मात्र उत्तम आहे, आणि तुमच्या घराला अगदी लागू आहे. बाहेरचं सगळं तुटलं तरी घराची यंत्रणा थोडा वेळ बेटासारखी चालली पाहिजे, आणि त्या बेटावर मागणी कमी, साठा जास्त असा हिशेब आधीच केलेला पाहिजे.

तर हिशेब करू. वही घ्या.

राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेलं असतं ‘12 व्होल्ट, 1.5 अँपियर’. म्हणजे जास्तीत जास्त 18 वॉट. प्रत्यक्षात फायबरचा डबा आणि वायफाय मिळून आठ-नऊ वॉट घेतात. सेन्सरचा हब, म्हणजे सगळ्या सेन्सरचं ऐकणारा छोटा डबा, तीनेक वॉट. झाले 12 वॉट. बाजारात जो ‘राउटर यूपीएस’ मिळतो, पुस्तकाएवढा, त्यावर ‘10,000 एमएएच’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. तो आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, तुमच्या 12 व्होल्टचा नाही. म्हणून 10 अँपियर-तास गुणिले 3.7, म्हणजे 37 वॉट-तास. व्होल्टेज चढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, हातात धरा 30. भागिले 12. अडीच तास.

12 ऑक्टोबरला लोकल सुरू व्हायला किती वेळ लागला होता? साधारण अडीच तास. म्हणजे नवा कोरा यूपीएस त्या दिवशी काठावर पास झाला असता. दोन मुंबईचे उन्हाळे काढलेला, टीव्हीमागे कोंडलेला यूपीएस नापास. लिथियम सेलना उकाडा मानवत नाही. त्यामुळे हिशेब निघेल त्याच्या दुप्पट घ्या, आणि तो हवेशीर जागी ठेवा.

घरात मोठा इन्व्हर्टर असेल तर? 150 अँपियर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. बॅटरी पार रिकामी करायची नाही आणि इन्व्हर्टरही थोडी खातो, म्हणून 1100 च्या आसपास धरा. कॅमेरे, राउटर, हब मिळून 32 वॉट असतील तर 34 तास चाललं पाहिजे, असं वाटतं. पण इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच पंधरा-वीस वॉट घेतो. मग तेच 22 तासांवर येतं. आणि त्यावर कुणी पंखा-टीव्ही लावला की विषय संपला. म्हणून मी सांगतो, सुरक्षेचा साठा वेगळा ठेवा. पंख्याच्या बॅटरीवर पहारेकरी ठेवू नका. इन्व्हर्टर वापरणारच असाल तर मागचं बटण ‘यूपीएस मोड’वर आहे का बघा. साध्या मोडमध्ये अदलाबदल होताना किंचित खंड पडतो, ट्यूब नुसती लुकलुकते, पण राउटर किंवा डीव्हीआर तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्यात दोन-तीन मिनिटं आंधळी जातात.

वीज झाली, आता इंटरनेट. आमच्या गल्लीत मान वर करून बघितलं की आकाशापेक्षा केबल जास्त दिसतात. या गच्चीवरून त्या गच्चीवर, तिथून खिडकीच्या गजाला गुंडाळी मारून आत. पक्कड घेऊन कुणीही कापेल; कुणी नाही तर कावळे आणि पतंगाचा मांजा आहेतच. मी एकदा शहाणपणा करून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घेतलं होतं. नंतर गच्चीवर जाऊन पाहिलं तर दोन्ही केबल एकाच पाइपला एकाच चिकटपट्टीने बांधलेल्या. एका कापात दोन्ही गेल्या असत्या.

आणखी एक प्रश्न तुमच्या केबलवाल्याला विचारा. ‘तुमच्या ऑफिसपासून माझ्या घरापर्यंत मध्ये कुठे विजेवर चालणारा डबा आहे का?’ मोठ्या कंपन्यांच्या फायबरमध्ये बहुतेक मधे फक्त काचेचा फाटा असतो, त्याला वीज लागत नाही. पण गल्लीतल्या छोट्या केबलवाल्यांचा स्विच बऱ्याचदा तिसऱ्याच इमारतीच्या जिन्यात, तिथल्या जिन्याच्या विजेवर लावलेला असतो. मग तुमचा राउटर यूपीएसवर मजेत चालू असतो आणि इंटरनेट मात्र नसतं.

उपाय एकच, वेगळ्या वाटेने जाणारा रस्ता. सिमकार्डवर चालणारा राउटर, किंवा सिम घालता येणारं अलार्म पॅनेल. त्याचं सिम घरातल्या फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचं घ्या. मोठ्या बत्तीगुलमध्ये मोबाइल टॉवरही बॅटरीवर येतात आणि सगळं शहर एकाच वेळी फोन लावत असतं, त्यामुळे डेटा रडतो. साधा एसएमएस बऱ्याचदा तरीही जातो. म्हणून एसएमएस पाठवू शकणारं पॅनेल बरं. एक सूचना: स्वस्त जुनी पॅनेल फक्त टूजीवर चालतात, आणि जिओकडे टूजी नाहीच. तिथे जिओचं सिम घालून ‘पॅनेल खराब आहे’ म्हणून परत करणारे दोन जण मला माहीत आहेत. त्यातला एक मीच.

आता मुद्द्याची गोष्ट. आईच्या बाबतीत चुकलं काय होतं? बॅटरी नव्हती हे तर झालंच. पण खरी चूक अशी, की माझी यंत्रणा काही घडलं तर ओरडायची, आणि स्वतः मेली तर गप्प बसायची. मरताना ओरडण्याची अपेक्षा तिच्याकडून करणंच चूक आहे.

पूर्वीचा रात्रीचा गुरखा आठवा. रस्त्यावर काठी आपटत, शिट्टी वाजवत जायचा. लहानपणी मला वाटायचं, हा चोराला सावध कशाला करतो? आता कळतं, ती काठी आपल्यासाठी होती. आवाज येतोय तोवर सगळं ठीक. आवाज आला नाही की कूस बदलून कान द्यायचा.

तेच यंत्राने करायचं. आईच्या घरातला हब दर पाच मिनिटांनी बाहेर एक बारीकसा निरोप पाठवतो, ‘आहे’. ऐकणारं यंत्र आईच्या घरात नाही, पुण्यात माझ्याकडे आहे. हातात मावेल एवढा छोटा संगणक, रास्पबेरी पाय. पंधरा मिनिटं ‘आहे’ आलं नाही तर तो माझ्या फोनवर जोरात वाजतो आणि शेजारच्या वहिनींनाही एसएमएस जातो. हे घरी जमत नसेल तर अशी सेवा देणाऱ्या वेबसाइट आहेत. तत्त्व महत्त्वाचं: मेल्याची खबर मेलेल्याने द्यायची नाही, ती बाहेरच्याने द्यायची. ॲपमध्ये ‘डिव्हाइस ऑफलाइन झाल्यास कळवा’ असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो आणि बहुतेक ठिकाणी तो बंद असतो. आज रात्री तेवढं तरी बघा.

कंपनीच्या सर्व्हरवर किती विसंबायचं हाही त्यातलाच भाग. 7 डिसेंबर 2021 ला ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्रात गडबड झाली आणि तिकडे लोकांचे रिंगचे कॅमेरे आणि दारावरच्या बेल अडकल्या, घर झाडणारे रोबोसुद्धा थांबले. घरात वीज होती, इंटरनेट होतं, तरीही. म्हणून दार उघडलं की भोंगा वाजणं ही गोष्ट घरातल्या घरात झाली पाहिजे; सेन्सरचा निरोप आधी सातासमुद्रापार जाऊन परत यायला नको. झिगबीवर चालणारे सेन्सर आणि होम असिस्टंटसारखं घरातच चालणारं मोफत सॉफ्टवेअर हे करू शकतं. थोडी डोकेफोड आहे. विकत घेताना दुकानदाराला एवढंच म्हणा, ‘इंटरनेटची वायर काढा आणि भोंगा वाजवून दाखवा.’

आता मुद्दाम छेडणाऱ्याकडे वळू.

तारेवरच्या जुन्या सेन्सरमध्ये एक सुंदर युक्ती असते. दार बंद असताना तारेतून बारीक प्रवाह सतत वाहतो; दार उघडलं की तुटतो आणि अलार्म होतो. म्हणजे तार कापली तरी अलार्मच. मग हुशार चोर काय करेल? तार कापण्याऐवजी दोन तारा सोलून एकमेकींना जोडेल, म्हणजे प्रवाह चालूच. त्यावर उतारा म्हणून सेन्सरच्या टोकाशी, अगदी आत, एक रेझिस्टर बसवतात. पॅनेलला ठरलेलाच विरोध दिसायला हवा. तार कापली तर विरोध अनंत, जोडली तर शून्य, दोन्हीकडे बोंब. काही रुपयांचा तो तुकडा. पण बसवणारे बरेच जण तो पॅनेलच्या पेटीतच लावून मोकळे होतात, कारण ते सोपं पडतं. तिथे लावला तर त्याचा उपयोग शून्य. तुमच्याकडे तारेचे सेन्सर असतील तर एकाचं झाकण उघडायला लावा आणि आत बघा.

बिनतारीचं दुखणं वेगळं. स्वस्त 433 मेगाहर्ट्झवाले सेन्सर दर वेळी एकच ठरलेला कोड ओरडतात. तो कुणी पकडला तर पुन्हा वाजवू शकतो, अगदी ‘अलार्म बंद’चासुद्धा. आणि ते एकतर्फी असतात. सेन्सरची बॅटरी संपली किंवा कुणी त्या लहरींवर गोंगाट केला तर हबला पत्ता लागत नाही. म्हणून दुतर्फी बोलणारे, अधूनमधून हजेरी लावणारे सेन्सर घ्या. वायफाय कॅमेऱ्याला तर नेटवर्कवरून हाकलून देणारे खोटे निरोप पाठवता येतात, त्याला पासवर्डही लागत नाही. डब्ल्यूपीए-3 मध्ये या निरोपांना संरक्षण सक्तीचं आहे; राउटर आणि कॅमेरा दोघांनाही ते येत असेल तर चालू करा. पण माझं मत विचाराल तर मुख्य दारावरचा एक कॅमेरा तरी तारेवरच असावा. एकाच लॅन केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेता येतं, त्याला पीओई म्हणतात. मग त्या कॅमेऱ्याची बॅटरीही यूपीएसच्या जागीच राहते.

पासवर्डबद्दल बोललो की लोक जांभया देतात. तरी बोलतो. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरचे डीव्हीआर आणि कॅमेरे गुलाम केले आणि 21 ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. त्याच्याकडे हत्यार काय होतं? कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी. अगदी आपल्याजवळचं, फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांची, तपासणीला आलेल्या बायकांची चित्रं इंटरनेटवर विकली गेल्याचं उघड झालं. कॅमेरा सुरक्षेसाठीच लावला होता. म्हणून आईच्या घरात माझा नियम आहे: कॅमेरा दाराकडे बघतो, माणसांकडे नाही. ती खुर्ची आता चित्रात येत नाही. आईनेच मागणी केली होती, आणि ती बरोबर होती.

पण पासवर्डपेक्षा मोठं भोक मला वेगळ्याच ठिकाणी सापडलं. आमच्याकडे बसवायला आलेल्या माणसाने सगळं आधी स्वतःच्या मोबाइलवर जोडलं, मग मला ‘शेअर’ केलं. म्हणजे मालक तो, मी पाहुणा. त्याच्या फोनमध्ये अशी किती घरं असतील? माणूस वाईट नव्हता, त्याला ते सोयीचं होतं, कुणाचा फोन आला की बसल्या जागी दुरुस्ती करता येते. पण तो फोन उद्या लोकलमध्ये चोरीला गेला तर? सेटिंग्जमध्ये जाऊन ‘मालक’ किंवा ‘ॲडमिन’ कोण आहे ते बघा. तुम्ही नसाल तर उपकरण रीसेट करून स्वतःच्या नावावर घ्या. राउटरचंही तेच; केबलवाले वायफायचा पासवर्ड बहुतेक वेळा तुमचा मोबाइल नंबरच ठेवतात, जो दारावरच्या पार्सलवर छापलेला असतो. कॅमेऱ्यांना पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय द्या, म्हणजे त्यातला एक फुटला तरी तुमच्या बँकेच्या लॅपटॉपपर्यंत वाट जात नाही.

सरकारनेही उशिरा का होईना हालचाल केली. 9 एप्रिल 2025 पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक चाचण्या पास करणं बंधनकारक झालंय. त्यात पेटी उघडली तर कळलं पाहिजे इथपासून सॉफ्टवेअरपर्यंत बऱ्याच गोष्टी येतात. नवीन घेणार असाल तर ते प्रमाणपत्र मागा. जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका.

चोरीच्या बातम्यांमधलं एक वाक्य आता पाठ झालंय: ‘चोरट्यांनी जाताना डीव्हीआरही पळवला.’ पळवणारच, टीव्हीखालीच ठेवलेला असतो. डीव्हीआर कुलपाच्या, पण हवा खेळेल अशा कपाटात ठेवा आणि हालचालीची चित्रं बाहेर दुसरीकडे जाऊ द्या. सगळं चोवीस तासांचं पाठवायची गरज नाही. एक कॅमेरा दोन मेगाबिटने चालला तर दिवसाला 21-22 जीबी होतात, ते आपल्या गल्लीतल्या इंटरनेटला झेपणार नाही. दारावरच्या दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांना काहीच लागत नाही. आणि डीव्हीआरचं घड्याळ! आत नाण्यासारखा एक सेल असतो. तो मेला की प्रत्येक बत्तीगुलनंतर तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षावर जाते. चित्रात चोर दिसतो आणि तारीख कारखान्याची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र आणि हॅश द्यावा लागतो. तिथे चुकीची वेळ समजावत बसायची पाळी येऊ नये. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याचा पर्याय चालू करा आणि सेल बदला.

शेवटचं, कुलपं. सोसायटीच्या गेटवरचं चुंबकी कुलूप वीज असेपर्यंतच धरून ठेवतं. वीज गेली की सुटतं, आणि ते तसंच हवं, कारण आगीत माणसं बाहेर पडता आली पाहिजेत. अग्निशमन दलाचं मुख्यालय आमच्या भायखळ्यातच आहे. तिथल्या कुणालाही विचारा, बंद दाराबद्दल काय वाटतं. पण याचा अर्थ खाली कुणी एमसीबी पाडला की गेट उघडं. म्हणून त्या कुलपाला स्वतःची बॅटरी हवी, तिची पेटी गेटच्या आतल्या बाजूला हवी, आणि बाहेर पडायच्या बटणाच्या तारा बाहेरून हाताला लागता कामा नयेत. घरातलं स्मार्ट कुलूप उलट. ते पेन्सिल सेलवर चालतं, वीज गेली तरी बंदच राहतं. सेल संपले तर बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची सोय बऱ्याच कुलपांना असते. आतून मात्र ते नुसत्या हाताने, विजेशिवाय, अंधारात उघडलं पाहिजे. आईच्या कुलपाची साधी किल्लीही आहे, एक शेजारच्या वहिनींकडे. त्या रात्री वहिनी आत जाऊ शकल्या त्या किल्लीमुळेच. माझ्या ॲपमुळे नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मी भायखळ्याला गेलो की संध्याकाळी पाचला आईला सांगून मेन स्विच पाडतो. पंधरा मिनिटांनी माझा फोन वाजला पाहिजे, वहिनींचाही. मग दार उघडतो, भोंगा वाजला पाहिजे. मग राउटरची वायर काढतो, सिमवरून एसएमएस आला पाहिजे. पहिल्या वेळी यातलं एकच झालं होतं. गेल्या रविवारी सगळं झालं, फक्त भोंगा पूर्वीपेक्षा दमून वाजला. त्याची बॅटरी दोन वर्षांची झालीय. आई म्हणाली, ‘हा आवाज ऐकून चोर पळणार नाही, पाणी विचारेल.’ नवीन बॅटरी मागवलीय.